नोंदणी कॉर्कची, बैठका क्युपर्टिनोच्या: ॲपलच्या आयरिश कंपन्यांचं प्रकरण

मे २००६ पासून २०१२ अखेरपर्यंत ‘ॲपल ऑपरेशन्स इंटरनॅशनल’ या कंपनीच्या संचालक मंडळाच्या ३३ बैठका झाल्या. त्यातल्या ३२ कॅलिफोर्नियात, ॲपलचं मुख्यालय असलेल्या क्युपर्टिनोला. संचालक तीन. दोघे अमेरिकेत राहणारे, ॲपलच्याच पगारावरचे. तिसरा संचालक आयर्लंडमधला, जो ७ बैठकांना हजर होता आणि त्यातल्या ६ वेळा फोनवरून. कंपनीला स्वतःचा एकही कर्मचारी नाही. हिशेबाच्या वह्या टेक्ससमध्ये ऑस्टिनला, बँक खाती न्यूयॉर्कला, पैसे गुंतवायचं काम नेवाडातल्या रीनोच्या ‘ब्रेबर्न कॅपिटल’कडे. आणि कंपनीची नोंदणी मात्र १९८० सालची, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातली.

या कंपनीकडे २००९ ते २०१२ या चार वर्षांत खालच्या उपकंपन्यांकडून जवळजवळ ३० अब्ज डॉलर लाभांश आला. त्यावर तिने कुठल्याही देशाच्या सरकारला कंपनी आयकर दिला नाही. अमेरिकी सिनेटच्या चौकशी उपसमितीने २१ मे २०१३ रोजी सुनावणी घेतली तेव्हा हे आकडे बाहेर आले. अध्यक्ष कार्ल लेव्हिन डेमोक्रॅट, त्यांच्या जोडीला रिपब्लिकन जॉन मॅकेन. आणि समोर ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक.

पुढे तीन वर्षांनी युरोपीय आयोगाने ॲपलकडून १३ अब्ज युरो वसूल करायला आयर्लंडला सांगितलं आणि २०२४ मध्ये न्यायालयाने ते कायम केलं. त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात एक सरळ गोष्ट बसली आहे: कंपन्या कुठल्याच देशाच्या नव्हत्या, ते पकडलं गेलं, दंड झाला. सीएच्या परीक्षेला बसणारी मुलंही हे प्रकरण असंच सांगतात. ते तसं नाही. ‘कुठेच निवासी नाही’ ही गोष्ट कायद्यात बसत होती आणि तिच्याबद्दल कोणी एक युरो मागितला नाही. पैसे मागितले गेले ते दुसऱ्याच कारणासाठी. तो फरक नीट कळला तर कंपनीच्या करनिवासाचा, म्हणजे करासाठी कंपनी कुठल्या देशाची धरायची याचा, अर्धा विषय हातात येतो, म्हणून हे प्रकरण जरा सावकाश पाहू.

दोन देश, दोन प्रश्न

कंपनी ‘कुठे राहते’ हा प्रश्न ब्रिटिश न्यायालयांपुढे फार जुना. १९०६ चा डी बिअर्सचा निकाल आजही सगळे काढतात. कंपनी हिऱ्यांची, खाणी किंबर्लीला, नोंदणी दक्षिण आफ्रिकेतली, भागधारकांच्या सभाही तिकडेच. पण बहुतेक संचालक लंडनला बसत आणि मोठे निर्णय तिथेच होत. लॉर्ड लोरबर्न यांनी ठरवलं की जिथून मध्यवर्ती व्यवस्थापन आणि नियंत्रण खरोखर चालतं तिथली ती निवासी. कागद कुठला, हे दुय्यम. ही कसोटी ब्रिटनकडून आयर्लंडकडे गेली आणि तिथे दीर्घकाळ एकटीच टिकली. कंपनी डब्लिनला नोंदवली असली तरी तिचं नियंत्रण बाहेरून असेल, तर ती आयर्लंडची निवासी नाही.

अमेरिकेचा हिशेब याच्या अगदी उलट. तिथे बैठक कुठे झाली, सही कोणी केली, काही विचारत नाहीत. कंपनी अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या कायद्याने स्थापन झाली असेल तर ती देशी, नाहीतर परदेशी. क्युपर्टिनोच्या टेबलावर रोज तीनदा संचालक मंडळ बसलं तरी आयरिश कंपनी अमेरिकेच्या लेखी परदेशीच.

आता दोन्ही प्रश्न या कंपनीला विचारून बघा. अमेरिका विचारते, जन्म कुठला? आयर्लंडचा. म्हणजे आमची नाही. आयर्लंड विचारतं, कारभार कुठून? इथून नाही. म्हणजे आमचीही नाही. दोन्ही उत्तरं खरी, आणि आपापल्या कायद्याप्रमाणे पूर्ण.

उपसमितीने ॲपलला साहजिकच विचारलं की कारभार आयर्लंडमधून नाही, मग कुठून? ॲपलचं लेखी उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत देखणं वाक्य वाटतं. आशय असा: कंपनीचा कारभार आयर्लंडमधून चालत नाही एवढं म्हणायला तो कुठून चालतो हे ठरवायची गरज नाही. वकील असावा तर असा. आणि यात खोटं काहीही नाही. ‘कुठून’ हे विचारण्याचं कारण असलेला कायदा जगात कुठेच त्यांना लागू नव्हता.

आयर्लंडला ही फट दिसत नव्हती असं मानू नका. १९९९ च्या वित्त कायद्याने त्यांनी नोंदणीची कसोटी आणली: आयर्लंडमध्ये स्थापन झालेली कंपनी ही आयर्लंडची निवासी. पण सोबत सवलत ठेवली. कंपनी किंवा तिच्याशी संबंधित कंपनी आयर्लंडमध्ये धंदा करत असेल, आणि अंतिम मालकी युरोपीय संघातल्या किंवा करार असलेल्या देशातल्या लोकांकडे असेल, तर जुनाच नियम. अमेरिकेशी आयर्लंडचा करार आहे. कॉर्कला ॲपलचा कारखाना आहे. सवलत चपखल बसली. कायदा करताना अशी दारं कशी राहतात याचं कोडं फार मोठं नसतं. कॉर्कसारख्या गावात हजार-पंधराशे नोकऱ्या देणारा माणूस दाराशी उभा असला की दार पूर्ण लावलं जात नाही.

अमेरिकेकडेही परदेशी उपकंपनीत साठलेल्या काही प्रकारच्या उत्पन्नावर मालक कंपनीला कर लावणारे नियम होते, लाभांश त्यात येतो. पण १९९० च्या दशकातल्या एका नियमाने कंपन्यांना फॉर्मवर खूण करून खालच्या उपकंपन्या ‘वेगळ्या नाहीतच’ असं अमेरिकी करापुरतं ठरवता येऊ लागलं. उपकंपनीच नाही म्हटल्यावर तिने दिलेला लाभांशही नाही.

पैसा कुठून येत होता

वरची कंपनी नुसती तिजोरी. कमावणारी कंपनी खाली होती: ‘ॲपल सेल्स इंटरनॅशनल’. तिचीही नोंदणी आयर्लंडची, तीही आयर्लंडची निवासी नाही. तिचं काम कंत्राटी कारखान्यांकडून तयार माल विकत घ्यायचा आणि युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका आणि भारतात विकायचा. होय, भारतही. त्या काळात मुंबईच्या दुकानात कोणी आयफोन घेतला असेल तर साखळीत वर कुठेतरी या कंपनीचं बिल होतं. फोन चीनमधून थेट गिऱ्हाइकाच्या देशात जायचा. मालकी फक्त कागदावर कॉर्कमार्गे फिरायची.

या कंपनीकडे आणि तिच्यावरच्या ‘ॲपल ऑपरेशन्स युरोप’कडे अमेरिका खंडांबाहेर ॲपलची बौद्धिक संपदा वापरायचा हक्क होता. त्यासाठी त्या संशोधनाच्या खर्चातला वाटा अमेरिकेतल्या मूळ कंपनीला देत. २०११ मध्ये तो सुमारे २ अब्ज डॉलर होता. खर्चातला वाटा दिला, म्हणजे नफ्यातला वाटाही आला. त्याच वर्षी ‘ॲपल सेल्स’चा नफा २२ अब्ज डॉलर, म्हणजे साधारण १६ अब्ज युरो. गंमत अशी की २०१२ पर्यंत या कंपनीला कर्मचारीच नव्हते. त्या वर्षी ‘ॲपल ऑपरेशन्स युरोप’मधले २५० जण तिच्या नावावर आले.

आता खरा मुद्दा येतो. कंपनी अनिवासी असली तरी आयर्लंडमध्ये तिची शाखा होती, आणि जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशाप्रमाणे आयर्लंडही अनिवासी कंपनीच्या आपल्या भूमीवरच्या शाखेच्या नफ्यावर कर लावतं. म्हणजे अनिवासी ठरल्याने कर टळत नाही. तो फक्त शाखेपुरता उरतो. मग शाखेचा नफा किती, हा प्रश्न. बाकीचा नफा आपोआप ‘मुख्यालया’चा.

१६ अब्ज युरोंपैकी शाखेचा म्हणून मोजला गेला सुमारे ५ कोटी युरो. उरलेले १५.९५ अब्ज मुख्यालयाचे. आणि मुख्यालय? त्याला जागा नाही, माणसं नाहीत, ते कुठल्याच देशात नाही. अधूनमधून होणाऱ्या संचालकांच्या बैठका म्हणजेच मुख्यालय. इतिवृत्तं काढून पाहिली तर त्यात लाभांश मिळाल्याची नोंद, संचालकांचा अहवाल मंजूर, अमुक संचालकाचा राजीनामा, बँक खात्यावर सही कोणाची, असले विषय. आयफोनच्या हक्कांचं व्यवस्थापन करत असल्याची चर्चा त्यात शोधून सापडत नव्हती.

शाखेच्या नफ्याची ही वाटणी आयरिश महसूल खात्याने दोन वेळा लिहून मान्य केली होती, १९९१ मध्ये आणि २००७ मध्ये. सूत्र साधं होतं: शाखेचा जो चालू खर्च असेल त्यावर ठरावीक टक्के धरायचे, तोच करपात्र नफा. विक्री दसपट वाढली तरी कॉर्कमधले पगार आणि वीजबिल दसपट वाढत नाही, त्यामुळे नफा आभाळाला भिडला आणि कर जमिनीवर राहिला. १९९१ च्या आधीच्या बैठकांच्या टिपणांत दोन गोष्टी नोंदलेल्या आहेत. एक, ॲपल हा कॉर्क भागातला सर्वांत मोठा रोजगार देणारा आहे याची आठवण करून देण्यात आली. दुसरी, ठरवलेल्या आकड्याला शास्त्रीय आधार नाही हे ॲपलच्या सल्लागाराने स्वतःच मान्य केलं. कर कार्यालयात बसून वाटाघाटी केलेल्या कोणालाही हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडच्या टिपणांवर पंचवीस वर्षांनी ब्रसेल्समध्ये, युरोपीय आयोगाच्या कचेरीत, कोणी भिंग धरत नाही.

ब्रसेल्सचा दावा काय होता

३० ऑगस्ट २०१६ रोजी स्पर्धा आयुक्त मार्ग्रेथ व्हेस्टेगर यांनी निर्णय जाहीर केला. ‘ॲपल सेल्स’वरचा प्रत्यक्ष कर २००३ मध्ये नफ्याच्या १ टक्का होता, तो २०१४ पर्यंत ०.००५ टक्क्यावर आला होता. आयर्लंडचा जाहीर दर तेव्हा १२.५ टक्के. आयोगाला कर कायदा बदलायचा अधिकार नाही. तो चालला सरकारी मदतीच्या नियमाने: एकाच कंपनीला बाकीच्यांना न मिळणारी करसवलत देणं ही बेकायदा मदत, आणि ती व्याजासह परत घ्यावी लागते. आयोगाची पहिली विचारणा २०१३ ची, मागे दहा वर्षं जाता येतं, म्हणून २००३ पासून.

आयोगाने असं कुठेही म्हटलं नाही की या कंपन्या आयर्लंडच्या निवासी होत्या. त्या अनिवासी होत्या हे गृहीत धरूनच दावा उभा होता. मुद्दा एवढाच की एकाच कंपनीत एकीकडे माणसं, कामकाज असलेली शाखा आहे आणि दुसरीकडे कागदावरचं मुख्यालय. मग नफा मुख्यालयाच्या पदरात घालणं हे आयर्लंडच्याच कायद्याला धरून नाही. टिम कुक यांनी हा निर्णय राजकीय बकवास आहे अशा अर्थाचे जरा कडक शब्द वापरले. आयर्लंडने तर १३ अब्ज युरो मिळू नयेत म्हणून अपील केलं. पैसे मिळतात म्हणून कोर्टात जाणारं सरकार विरळाच, पण त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. एकदाचे तेरा अब्ज घेण्यापेक्षा पुढची तीस वर्षं गुगल, फायझर इथे राहणं त्यांना महत्त्वाचं. तोवर ॲपलने व्याजासह १४.३ अब्ज युरो एका तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात भरले.

१५ जुलै २०२० ला युरोपीय सामान्य न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला. त्यांचं म्हणणं, मुख्यालयात कोणी काही करत नव्हतं एवढ्यावरून ते शाखा करत होती असं सिद्ध होत नाही. शाखेने नेमकं काय केलं ते दाखवा. ॲपलने बाजू मांडली होती की खरी डोकी क्युपर्टिनोत आहेत, आयफोन तिथे घडला. मग नफा कॉर्कचा कसा? ऐकायला हे अगदी पटतं. मलाही तेव्हा पटलं होतं.

पण १० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च पातळीवरच्या युरोपीय न्यायालयाने तो निकाल उलटवला आणि मामला तिथेच संपवला. कारण बारकाईने वाचण्यासारखं आहे. वाटणी करायची ती एकाच कंपनीच्या मुख्यालयात आणि तिच्या शाखेत. अमेरिकेतली ॲपल इन्कॉर्पोरेटेड ही वेगळी कंपनी. तिच्या माणसांनी काय केलं ते त्यांच्या कंपनीच्या खात्यात, आणि त्याचा मोबदला त्यांनी करारातून घ्यावा. ‘ॲपल सेल्स’चं मुख्यालय काय करत होतं एवढंच बघायचं, आणि ते काही करत नव्हतं. अमेरिकेत कर भरायची वेळ आली तेव्हा ‘ती आमच्यापेक्षा वेगळी, आयरिश कंपनी’ असं म्हणायचं आणि आयर्लंडमध्ये भरायची वेळ आली तेव्हा ‘खरं काम आम्हीच अमेरिकेत केलं’ असं म्हणायचं, हे एकत्र चालत नाही.

दार बंद झालं कसं

सिनेटच्या सुनावणीनंतर आयर्लंडने दोन टप्प्यांत दुरुस्ती केली. २०१४ च्या वित्त कायद्याने १ जानेवारी २०१५ पासून नव्याने स्थापन होणारी कंपनी आयर्लंडची निवासी ठरली, आणि जुन्या कंपन्यांना २०२० अखेरपर्यंत मुदत मिळाली. ॲपल तेवढं थांबली नाही. २०१७ मध्ये फुटलेल्या पॅराडाइज कागदपत्रांतून कळलं की त्यांच्या सल्लागारांनी वेगवेगळ्या बेटांवरच्या कायदा कचेऱ्यांकडे प्रश्नावली पाठवून कर न भरण्याची खात्री देता येईल का असं विचारलं होतं, आणि शेवटी निवड झाली जर्सी बेटाची. त्याच सुमारास बौद्धिक संपदेचा मोठा भाग आयर्लंडमध्ये आला. कंपन्यांच्या अशा हालचालींमुळे आयर्लंडचं २०१५ चं सकल उत्पादन एका वर्षात २६.३ टक्के वाढल्याची पहिली नोंद झाली. देशात रस्त्यावर त्याचा मागमूस नव्हता.

आपल्याकडचा कायदा

भारतात हे प्रकरण शिकवताना मी १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६(३) मधला एक जुना शब्द आधी फळ्यावर लिहितो: ‘संपूर्णपणे’. जुन्या नियमात भारतीय कंपनी ही निवासी होतीच. परदेशी कंपनी मात्र तिचं नियंत्रण आणि व्यवस्थापन ‘संपूर्णपणे’ भारतातून असेल तरच निवासी. वर्षात एक बैठक सिंगापूरला घेतली, चार सह्या तिथल्या हॉटेलात केल्या, की ‘संपूर्णपणे’ संपलं. २०१५ च्या वित्त कायद्याने तो शब्द काढला आणि प्रभावी व्यवस्थापनाचं ठिकाण, ज्याला कर कचेरीत सगळे पोएम म्हणतात, ती कसोटी आणली. ती लागू झाली करनिर्धारण वर्ष २०१७-१८ पासून. एकूण धंद्यासाठी लागणारे महत्त्वाचे व्यवस्थापकीय आणि व्यापारी निर्णय प्रत्यक्षात जिथे घेतले जातात, ते ठिकाण.

आपल्या कायद्यात दोन्ही प्रश्न ‘किंवा’ने जोडलेले आहेत. जन्म इथला किंवा कारभार इथला. त्यामुळे भारतात नोंदलेली कंपनी आपल्या कायद्याच्या नजरेतून कधी बेघर होत नाही. ॲपलला मिळालेली फट इथे आधीपासूनच नव्हती. २०१५ चा बदल उलट्या प्रकारासाठी होता: नोंदणी दुबईची, मॉरिशसची, आणि कारभार नरिमन पॉइंटचा किंवा बाणेरचा.

समजा, ॲपलची ती वरची तिजोरी कंपनी एखाद्या पुण्यातल्या उद्योगसमूहाची असती. जानेवारी २०१७ च्या सीबीडीटीच्या, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या, परिपत्रकाप्रमाणे आधी पाहतात ते, तिचा भारताबाहेर ‘सक्रिय धंदा’ आहे का. लाभांश, व्याज, रॉयल्टी यांसारखं निष्क्रिय उत्पन्न निम्म्याहून जास्त नको. भारतातली मालमत्ता, कर्मचारी आणि पगारखर्च, प्रत्येक निम्म्यापेक्षा कमी हवा. सगळं उत्पन्न लाभांशाचं म्हटल्यावर ही कंपनी पहिल्याच पायरीवर अडकते. मग निर्णय घेणारी माणसं कोण आणि ती कुठे बसतात ते शोधायचं, आणि ३२ बैठका पुण्यात झालेल्या असताना ते शोधायला फारसं काही उरत नाही.

खालची विक्री कंपनी जास्त अवघड. समूहातल्याच कंपनीकडून घेऊन समूहातल्याच कंपनीला विकलं तर ते उत्पन्न निष्क्रिय धरतात. ती मात्र घ्यायची बाहेरच्या कारखान्यांकडून. म्हणजे या अटीतून सुटते. बाकीच्याही पार पडल्या आणि बहुतांश बैठका भारताबाहेर झाल्या, तर कारभार बाहेरचा असं गृहीत धरलं जातं. पण तिथेच परिपत्रक एक पाचर मारून ठेवतं: संचालक मंडळ नुसतं बाजूला उभं असेल आणि निर्णय भारतातली मालक कंपनीच घेत असेल, तर गृहीतक गळतं. मनुष्यबळ, हिशेब, संगणक यांबाबत समूहाचं सामायिक धोरण पाळलं म्हणजे मंडळ बाजूला उभं आहे असं मात्र नाही.

व्यवहारात दुबईच्या फ्री झोनमध्ये कंपनी काढलेले बहुतेक छोटे व्यावसायिक यात येतच नाहीत, कारण वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी असेल तर ही कसोटी लागू होत नाही. त्यावर निर्धास्त होऊन परकीय चलनाचे आणि समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किंमत-निर्धारणाचे नियम विसरणारे लोक मी पाहिले आहेत; ५० कोटींची ती रेषा त्या नियमांना माहीत नाही. रेषेच्या वर असलेल्यांसाठी फोनवरची बैठक हा सर्वांत कच्चा दुवा. परिपत्रक स्पष्ट सांगतं की निर्णय व्हिडिओवर किंवा फोनवर होत असतील तर निर्णय घेणारी माणसं सहसा कुठे राहतात हेही पाहिलं जाईल. अबू धाबीच्या पत्त्यावर छापलेलं इतिवृत्त आणि कोथरूडमधून जोडलेले तीनही संचालक, हे चित्र अधिकाऱ्याला लॉगिनच्या नोंदींवरूनच दिसतं.

एवढं असूनही असेसिंग ऑफिसर एकट्याच्या मनावर एखाद्या परदेशी कंपनीला भारताची निवासी ठरवू शकत नाही. चौकशी सुरू करायला आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते, आणि शेवटच्या निष्कर्षाला तीन प्रधान आयुक्तांच्या किंवा आयुक्तांच्या मंडळाची मंजुरी लागते, जी ते कंपनीचं म्हणणं ऐकून घेतल्यावर देतं. तसं ठरलं तर कंपनीचं जगभरचं उत्पन्न इथे करपात्र होतं, आणि दर भारतीय कंपनीचा नव्हे, परदेशी कंपनीचाच लागतो; तो २०२४ च्या अर्थसंकल्पापासून ३५ टक्के आहे.